बेलमारीला डिझेल का चुकत नाही

राजधानी,
३ फेब्रुवारी १९८६

प्रिय युला मावशी,

आधी बस बघू. उभ्याने वाचू नकोस. तू उभी असलीस की तुझं निम्मं लक्ष शेळ्यांकडे असतं.

बसलीस? मला बढती मिळाली! आता मी मंत्रालयात नुसती दुसऱ्यांची पत्रं टाइप करत नाही. बाहेरून येणाऱ्या इंधनाचा भरवसा किती, हे तपासायला सरकारने समिती नेमलीय आणि त्यात तुझी भाची आहे. समिती म्हणजे इंग्लंडहून आलेले थ्रेलफॉल साहेब, एक कुरकुरणारा पंखा आणि मी.

साहेबांचं म्हणणं तसं सरळ आहे. आपल्या देशात ना तेलाची विहीर, ना कोळशाची खाण. वीज डिझेलवर, आणि सगळं डिझेल त्रिनिदादहून बोटीने येतं. उद्या बोट आलीच नाही, तर कुठल्या बेटाची किती भंबेरी उडेल, हे आजच काढून ठेवायचं. म्हणून प्रत्येक बेटाला गुण द्यायचे. माल किती ठिकाणांहून येतो, टाकी केवढी, धक्का कसा, गेल्या काही वर्षांत बोट कितीदा चुकली.

झाले की गुण देऊन! सगळी बेटं धडाधड नापास. आणि मावशी, पहिलं कोण आलं असेल? बेलमारी! आपली बेलमारी! टाकी म्हणशील तर आंघोळीच्या हौदाहून जरा मोठी, धक्का म्हणजे चार कुजक्या फळ्या, आणि समोर दात विचकून बसलेला तो खडक. तरी एक वर्ष सोडलं तर तुमच्याकडे डिझेलची बोट कधी चुकलेलीच नाही. त्रिनिदादच्या गोदीत संप होता, तरी आली. वादळाचे बावटे लागले होते, तरी आली. साहेब म्हणतात, मिस क्वॉशी, तुमची बेरीज चुकलीय. मी तीनदा केली गं. नाही चुकलेली.

जूनच्या सुरुवातीला मंत्र्यांपुढे सगळं मांडायचंय आणि मला कारण सापडत नाहीये. काय आहे तुमच्याकडे? समुद्राचा प्रवाह? वारा? कॅप्टन बेडोंना तू ओळखत असशीलच. डिझेलची 'लेडी कॉन्स्टन्स' तेच आणतात, हे पत्रही तेच आणतील. त्यांना सहज विचारून बघ ना.

तुझीच,
आयान्थी

•

बेलमारी,
२४ फेब्रुवारी १९८६

लाडके आयान्थी,

बढतीबद्दल अभिनंदन. नारळाच्या वड्या पाठवतेय. त्या साहेबांना एक दे, जास्त देऊ नकोस. इंग्लंडच्या माणसांचे दात नाजूक असतात म्हणे.

कॅप्टन बेडोंना मी ओळखते का? असेन ओळखत. बोटीवरची माणसं कुठंतरी जेवणारच, आणि या बेटावर खाणावळ माझीच. येतात, शंखातल्या मांसाचा रस्सा खातात. मिरची कमी लागते त्यांना. भेंडी चालत नाही. पाऊस यायच्या आधी उजवा गुडघा दुखतो, म्हणून मी त्यांची खुर्ची चुलीजवळ ठेवते. मागच्या वादळानंतर माझ्या छपराचे पत्रे त्यांनीच बसवून दिले, तेही शिट्टी वाजवत. बाकी त्या माणसाबद्दल मला काही म्हणजे काही माहिती नाही.

बोट का येते म्हणून काय विचारतेस? बोट आहे, येते. प्रवाह असेल. प्रवाहच लिही तू.

इकडे सगळं ठीक. कजोने दुकानात नवा फ्रीझर घेतलाय आणि दर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो उघडून दाखवतो, त्यामुळे आतलं काही गोठत नाही. तुझी आजी परवा पुन्हा त्याच्या स्वप्नात आली. काय म्हणाली ते विचारू नकोस.

तुझी,
युला मावशी

•

राजधानी,
१८ मार्च १९८६

प्रिय मावशी,

प्रवाह लिहिला. साहेबांनी नकाशा काढला आणि प्रवाह बरोबर उलट्या दिशेने वाहतो हे दाखवून दिलं. माझा चेहरा बघायला हवा होतास!

मग मी 'लेडी कॉन्स्टन्स'च्या खेपा नीट चाळल्या. आता दार लावून घे आणि वाच. हाच कॅप्टन, हीच बोट. बाकीच्या बेटांवर जायचं टाळायला याच्याकडे हजार कारणं. एकदा लाटा मोठ्या, एकदा पंप नादुरुस्त, एकदा तर 'डोकं दुखत होतं' म्हणून सरळ बंदर सोडून पुढे निघाला! आणि त्याच खेपेला, दुखत्या डोक्याने, तुफान पावसात तो बेलमारीला पोचला. परतीच्या वाटेवर नसताना दोनदा पोचला. डिझेल उतरवायचं नव्हतं तरी एकदा पोचला!

मावशी, माझी खात्री झालीय. हा माणूस दारूची चोरटी ने-आण करतो. तुमच्या बेटावर कुणीतरी त्याचा साथीदार आहे, आणि तू भोळी, त्याला शंखाचा रस्सा वाढतेस. तुझ्या छपरावर तो पत्रे बसवायला चढला की काही लपवायला, देव जाणे. एकदा वर चढून बघ. पण जपून चढ.

साथीदार कोण ते शोधून काढ. माझा संशय कजोवर आहे. एवढा मोठा फ्रीझर त्याला कशाला लागतो?

घाईत,
आयान्थी

•

बेलमारी,
८ एप्रिल १९८६

आयान्थी,

जीभ आवर! चोर म्हणे! ऑगस्टिन बेडोंसारखा माणूस या पाण्यात दुसरा दाखव मला. त्यांनी तुझं पत्र स्वतःच्या हाताने आणून दिलं, वर म्हणाले, 'भाचीचं अक्षर छान आहे हो.' आणि आत तू त्यांना चोर ठरवून मोकळी! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या दिवशीचा रस्सा मी दोनदा खारट केला. तो त्यांनी दोनदा मागून खाल्ला.

बरं, ऐक. साथीदार मी आहे. पण दारूचा मामला नाही.

ते मला मागणी घालतात. दरवर्षी मे महिन्यात, गावजेवणाच्या दिवशी. पांढरा शर्ट घालून येतात, सगळ्यांसमोर टोपी काढतात आणि विचारतात. मी नाही म्हणते. मग ते टोपी घालतात आणि म्हणतात, 'बरं तर, पुढच्या खेपेला काय आणू?' आणि मी कांदे सांगते. नऊ वर्षं झाली याला. माझ्याकडे कांद्याला तोटा नाही.

नाही का म्हणते? पहिल्याच वर्षी त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, 'युलाली हो म्हणाली की त्याच दिवशी बोट विकेन, आणि डोंगरावर तुरीचं शेत लावून बसेन.' तेव्हा लोक हसले. पण मग त्याच वर्षी त्यांचा पाय मोडला. तुझ्या कागदावरचं ते चुकलेलं वर्ष ना, तेच ते. दुसरा कुणी कॅप्टन आला, आमचा खडक लांबून बघितला आणि तिथूनच बोट वळवून गेला. मग अंधार गं! बर्फघर बंद, मासे कुजले, सगळ्या बेटाला वास. नर्स अल्बर्टाच्या फ्रिजमधल्या लसी वाया गेल्या आणि तान्ही पोरं तशीच राहिली. ते लंगडत परत आले तेव्हा कुठे लोकांच्या जिवात जीव आला, आणि त्या दिवसापासून सगळं बेट माझ्या तोंडाकडे बघतं. माझ्या एका 'हो'ने बेलमारीत काळोख होणार. कशी म्हणू हो?

तेही एक वेळ निभावलं असतं. पण आई आडवी येते. आपल्याकडे गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही सांगून गेलं की ते मोडायचं नसतं, हे तुला सांगायला नको. आई येते कजोच्या स्वप्नात, वीजघरातल्या लेनॉक्सच्या, नर्स अल्बर्टाच्या. सगळ्यांना एकच सांगते, 'माझ्या युलाला म्हणावं, दर्यावरच्या माणसाशी लग्न नको.' माझ्या स्वप्नात मात्र एकदाही आली नाही. रुसलीय माझ्यावर. तिची एवढी सेवा केली मी, आणि येते ती कजोकडे!

झालं समाधान? आता हे त्या साहेबाला सांगितलंस तर याद राख.

मावशी

•

राजधानी,
२९ एप्रिल १९८६

माझे सोन्यासारखे मावशी,

मी साहेबांना सांगितलं.

थांब, थांब, पत्र चुलीत घालू नकोस! मी वाचता वाचता एवढ्याने किंचाळले की त्यांनी पंखाच बंद केला. काय झालं विचारलं, तर मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. सांगावंच लागलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, 'म्हणजे एका अख्ख्या बेटाचा वीजपुरवठा एका बाईच्या नकारावर उभा आहे?' मी म्हटलं हो. तर म्हणतात, 'हे कुठल्या रकान्यात बसवायचं?' मग आम्ही दोघांनी तुझ्या उरलेल्या वड्या खाल्ल्या. त्यांचे दात चांगले आहेत.

मावशी, ती बेलमारी पहिली नाही, शेवटची आहे! तुझ्या मनात आलं की दिवे गेले! आणि तू, वेडे, नऊ वर्षं सगळ्या बेटाचा भार एकटीने उचलतेस आणि आम्हाला कांद्याचे भाव कळवतेस!

पण मला खरं सांगायचंय ते आजीबद्दल. साहेबांनी पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट शिकवली. एखादं बेट म्हणतं, आमचं काय अडतंय, आमच्याकडे चार व्यापारी डिझेल विकतात. तर त्या चौघांना वेगवेगळं गाठून विचारायचं, तुम्ही माल कुठून आणता? चौघंही एकाच गोदामातून आणत असतील तर ते चार नव्हेत. एकच.

आता मला सांग, आजी किती जणांच्या स्वप्नात आली ते मोजत बसू नकोस. प्रत्येकाला वेगळं गाठ आणि विचार, आजीने काय घातलं होतं? काय बोलली, कशी बोलली? एकमेकांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आणि मग बघ, माल कुठल्या गोदामातला आहे.

आजीला मी ओळखत होते गं. ती रुसली असती तर सरळ तुझ्या उशाशी येऊन भांडली असती. कजोकडे निरोप ठेवून जाणारी बाई नव्हती ती.

तुझीच,
आयान्थी

•

बेलमारी,
२० मे १९८६

आयान्थी,

घाईघाईत लिहितेय. अक्षर लावून घे.

गावजेवण काल झालं. माळावर चुली पेटल्या, बायकांनी मक्याचं पीठ घोटलं, ढोल आले. वाडवडिलांचं ताट मी स्वतः भरलं आणि आईच्या नावाने घरात झाकून ठेवलं. सकाळपासून मी एकेकाला काही ना काही निमित्ताने बाजूला घेत होते. तुझ्या साहेबाची विद्या!

पहिला कजो, मला मावशी मानून 'टँटी' म्हणणारा. म्हटलं, 'कजो, आईचं ताट भरायचंय, बाबा. तुझ्या स्वप्नात ती कशी दिसली रे?' डोळे मिटून म्हणाला, 'निळा झगा, टँटी. डोक्याला पांढरा रुमाल. हातात काठी.'

मग लेनॉक्स. तो वीजघरातून हात पुसत आला. 'निळा झगा,' म्हणाला, 'पांढरा रुमाल, काठी.' मी म्हटलं, 'आणखी काही बोलली?' तर हा शहाणा फुशारून सांगतो, 'हो तर! म्हणाल्या, लेनॉक्सबाळा, मशीन जप, डिझेल उधळू नकोस.'

आयान्थी, आई गेली तेव्हा या बेटावर विजेचा खांबसुद्धा नव्हता! तिनं जन्मात बघितला तो रॉकेलचा दिवा. डिझेल तिला कुणी पाजलं?

नर्स अल्बर्टा तर 'निळा' एवढंच म्हणाली आणि रडायलाच लागली. 'टँटी, मला खोटं जमत नाही. कजोने दुकानात बसवून पाठ करून घेतलं होतं.'

आणि आईने जन्मभर पिवळा रुमाल बांधला. पांढरा रुमाल आणि काठी ही कजोच्या आईची! त्या मेल्याला माझी आई कशी दिसायची तेही आठवेना, म्हणून त्याने स्वतःचीच उभी केली!

मी पळी घेऊन माळाच्या मधोमध उभी राहिले. ढोल थांबले. म्हटलं, 'कजो, इकडे ये.'

'टँटी, मी मीठ आणायला—'

'मीठ राहू दे. माझी आई तुझ्याकडे येते काय रे? जिवंत असताना तुझ्या दुकानाची पायरी ती कधी चढली नाही, तुझं माप खोटं म्हणून. आणि मेल्यावर रोज येते?'

कजोने इकडेतिकडे बघितलं. मग गुडघ्यावरच बसला. 'टँटी, फ्रीझर आहे हो माझा! बर्फघर आहे, दवाखाना आहे! आम्ही काय तुमचं वाईट चिंतलं? बोट चालू राहावी म्हणून तुमच्या आईला जरा तसदी दिली, इतकंच!'

सगळं गाव खाली मान घालून उभं. आधी मला हसू फुटलं, असं फुटलं की पळी हातातून पडली. आणि मग रडू आलं. नऊ वर्षं मला वाटत होतं, आईला मी नकोशी झालेय. लाज वाटली नाही यांना?

तेवढ्यात समोर बघते तर पांढरा शर्ट. टोपी काढलेली. नेहमीसारखं विचारायला तोंड उघडत होते बिचारे. मी म्हटलं, 'विचारू नका. हो!'

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. तोंड उघडं ते उघडंच. मग सवयीने म्हणाले, 'बरं तर, पुढच्या खेपेला काय आणू?'

सगळा माळ लोळून लोळून हसला, आणि मीही. एवढी खूश मी कधी झाले होते ते मला आठवत नाही.

पण आज सकाळी उठले आणि हसू गेलं. लग्न जुलैमध्ये, मग बोट विकायची. लेनॉक्स मशीन पुसत बसलाय, जणू तेच आजारी आहे. नर्स अल्बर्टा येऊन गळ्यात पडली, आनंद झाला म्हणाली, पण तिचं लक्ष सारखं दवाखान्याकडे. कुणी मला बोल लावत नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी 'विकू नका' म्हणणार नाही. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघा असा, समुद्राला कंटाळून जमीन मागतोय. त्याला काय म्हणून पुन्हा लाटांत लोटू? पण मग या पोरांच्या लसींचं काय करू? तूच सांग.

मावशी

•

'लेडी कॉन्स्टन्स', बेलमारीच्या धक्क्यावरून,
२१ मे १९८६

माननीय मिस आयान्थी क्वॉशी यांस,

मुलीच्या घरच्या वडीलधाऱ्यांना लेखी मागणी घातल्याशिवाय लग्न करणं आमच्या घराण्यात बसत नाही. मिस युलाली यांचे वडीलधारे हयात नसल्यामुळे, आणि नात्यात आपणच उरल्यामुळे, मी आपल्याला वडीलधाऱ्या समजून हे पत्र लिहीत आहे. आपण माझ्या निम्म्या वयाच्या आहात याबद्दल क्षमा असावी.

माझं नाव ऑगस्टिन थिओफिलस बेडो. दारू सणासुदीलाच. दात स्वतःचे, दोन सोडून. आपण माझ्याविषयी दारूच्या चोरट्या व्यापाराचा संशय घेतला होता असं मिस युलाली यांच्याकडून कळलं. त्या बोलता बोलता बोलून गेल्या. तसं काही नाही. ज्या दिवशी माझं डोकं दुखत होतं त्या दिवशी खरोखरच दुखत होतं, पण बेलमारीला गेल्यावर थांबलं.

लग्नानंतर बोट विकण्याचं वचन मी पूर्वीच दिलेलं आहे आणि ते पाळीन. खरं सांगायचं तर 'कॉन्स्टन्स' विकणं मला सोपं नाही. तिच्या सुकाणूवर माझ्या हाताचे वळ उमटलेत. पण मिस युलाली यांची खाणावळ, शेळ्या, आईचं घर, हे सोडून त्या पाण्यावर यायला कशा तयार होतील? अशा बाईला बोटीवर चल म्हणणं शोभत नाही, म्हणून मी ते कधी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. तूर लावायला शिकेन. तूर कशी लावतात याची मला कल्पना नाही.

आपला होकार यावा ही विनंती.

आपला नम्र,
ऑ. थि. बेडो

ता. क. समुद्राला मी कंटाळलो आहे असं बेटावर कुणी म्हणत असेल तर तो गैरसमज आहे.

•

राजधानी,
१० जून १९८६

प्रिय मावशी, आणि प्रिय कॅप्टनसाहेब (हे पत्र दोघांनी एकत्र वाचायचं, खुर्च्या चुलीजवळ ओढून),

तुमची दोन्ही पत्रं एकाच थैलीतून माझ्या टेबलावर आली. मी एक डाव्या हातात धरलं, एक उजव्या हातात. आणि मग टेबलावर डोकं आपटलं.

अहो, काय म्हणावं तुम्हाला! मावशी, तुला वाटतं ते समुद्राला कंटाळलेत. त्यांचा ताजा कलम वाच. कॅप्टनसाहेब, तुम्हाला वाटतं मावशी जमीन सोडणार नाही. तिला कुणी विचारलंय का? ही बाई लहानपणी धक्क्यावर बसून लांबच्या बोटी बघायची, म्हणून आजीचा मार खायची. शाळेत असल्यापासून तिला पोर्ट ऑफ स्पेनचा बाजार बघायचाय, त्यातल्या त्यात टोप्यांचा. नऊ वर्षं तुम्ही एकमेकांना कांदे देता-घेता, आणि एवढं एक विचारायचं राहून गेलं?

बोट विकायला मी, घरातली वडीलधारी म्हणून, परवानगी नाकारते. बाकी मागणी मंजूर.

आता समितीचं. गेल्या आठवड्यात मंत्र्यांपुढे उभी राहिले. मी म्हटलं, बेलमारी कागदावर पहिली आहे, प्रत्यक्षात शेवटची. ज्या बेटाची बोट एका माणसाच्या मनावर येते, ते बेट सुरक्षित नव्हे. मंत्री म्हणाले, 'मन म्हणजे?' मी साहेबांकडे बघितलं. साहेब उठले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, 'सर, कॅप्टनचं लग्न ठरलंय.' मंत्र्यांनी विचारलं, 'कुणाशी?' मग तिथल्या तिथे सगळी कथा सांगावी लागली. कांद्यापाशी आलो तेव्हा मंत्री डोळे पुसत होते. म्हणाले, 'नवी जोडी कधी उशिरा आली तर बेटाने अंधारात बसायचं की काय?'

इथल्या बंदरात एक मोठी टाकी पडून आहे. दुसऱ्या कुठल्या बेटासाठी आणली होती आणि तिथल्या रस्त्यावर मावेना. ती बेलमारीला द्यायचं ठरलं! मंत्र्यांची सही झाली! धक्क्याच्या फळ्याही बदलणार, आणि खडकावर दिवा बसवणार, म्हणजे दुसऱ्या कॅप्टनलाही येता येईल.

मावशी, लोक आहेरात चादरी देतात, पेले देतात. तुझ्या भाचीचा आहेर म्हणजे डिझेलची टाकी. गोड मानून घे.

जुलैत मी येतेय. लग्नात दोन्ही घरचे झेंडे समोरासमोर नाचवतात आणि ज्याचा आधी खाली जाईल तो हरतो, त्यातला तुझ्याकडचा झेंडा मीच नाचवणार. कॅप्टनसाहेबांच्या खलाशांना सांगून ठेव, आमचा झेंडा खाली जाणार नाही.

आनंदाने वेडी झालेली,
आयान्थी

•

'लेडी कॉन्स्टन्स', पोर्ट ऑफ स्पेन,
१९ ऑगस्ट १९८६

लाडके आयान्थी,

टोपी घेतली. जांभळी, वर पीस. ऑगस्टिन म्हणतो, वाऱ्यात उडेल. मी म्हटलं, तुझं काम सुकाणू धरायचं, टोपी मी धरते.

तू नाचून गेलीस त्या दिवसाच्या गप्पा बेटावर अजून चालू आहेत. दोन्हीकडचे लोक झेंडे आणि डोक्यावर लग्नाचे केक घेऊन नाचत समोरासमोर आले तेव्हा खलाशी दमले आणि तू दमली नाहीस, हे कजो दुकानात सगळ्यांना करून दाखवतो. लग्नात त्याने फुकट आइस्क्रीम वाटलं, सगळं वितळलेलं. मी त्याला माफ केलं. पण माझी आई पुन्हा कधी त्याच्या स्वप्नात दिसली तर फ्रीझरची वायर तोडेन, असं सांगून ठेवलंय.

टाकी आली. एवढी मोठी आहे की शेळ्या तिच्या सावलीत बसतात. लेनॉक्स तिच्यावर रोज हात फिरवतो. खडकावरचा दिवाही लागला.

आणि मागच्या खेपेला आम्ही उशिरा पोचलो. पहिल्यांदाच! कारण मी. बाजारात एक बाई जायफळाचं लोणचं करायला शिकवत होती आणि मला उठवेना. ऑगस्टिन दोनदा म्हणाला, 'युला, बेलमारी वाट बघत असेल.' मी म्हटलं, 'बघू दे.' तोंडातून गेलं आणि मीच दचकले. पोचलो तेव्हा मला वाटलं काळोख असेल. कसलं काय, दिवे लखलखत होते आणि धक्क्यावर कुणी नव्हतं! सगळे आपापल्या घरी जेवत होते. आमच्याशिवाय त्यांचं काही अडलं नव्हतं. मला थोडा राग आला, खरं सांगते, आणि मग एवढं हलकं वाटलं की फळ्यांवरून उड्या मारत गेले मी, या वयात.

लोक विचारतात, टँटी, आता बोट नेमाने येईल ना? मी सांगते, आधी हा माझ्यासाठी यायचा, आता मी माझ्या शेळ्यांसाठी येईन. ते तुमच्या रकान्यात बसतं का, साहेबांना विचार.

आता एक सांगते, ते कुणाला सांगू नकोस. परवा बोटीवर दुपारी डोळा लागला आणि आई आली. माझ्याकडे, आयान्थी. पिवळा रुमाल, हात पिठाने भरलेले. डिझेलबद्दल एक अक्षर नाही. लग्नाबद्दलही नाही. बोटीच्या कठड्याला टेकून उभी राहिली, सगळीकडे पाणी बघितलं, आणि मला म्हणाली, 'युले, एवढा उशीर कशाला केलास गं?'

जागी झाले तर रडत होते. ऑगस्टिन घाबरून धावत आला. काय झालं, काय हवंय, विचारायला लागला. मला एवढंच सुचलं, 'पुढच्या खेपेला काय आणायचं ते मी सांगणार नाही. मी बरोबर येतेय.'

तुझी,
युला मावशी